वाटीवर झाकण नको

नंदनवन, नागपूर
८ फेब्रुवारी १९८१

चि. लहानूले बायजाबाईचा जयभीम.

बायजाबाई कोण, असं विचारशीन म्हणून आधी ओळख सांगते. तुहा बाप देवाजी माह्या पोटचा होता, अन् तो गेल्यावर तुहं नाक म्या पुसलं. आठवलं काय? समुद्र ओलांडला का मागचं सारं पुसून जाते, असं शेजारची कांताबाई म्हणून राहिली. म्या म्हटलं, तसं नाई वं, आमचा लहानू नागपुरातबी विसरतच होता. मीठ आणाले पाठवला तं वर्तमानपत्र घेऊन ये, अन् छत्री दुकानात ठेवून ये.

तुहं एकच पत्र आलं अन् त्यात झांबियाचं हवामान. हवामानाचं मी काय करू गा? घर भेटलं काय, ते सांग. तिथलं सरकार म्हणते, मास्तर, पहिले भाड्याच्या घराचा कागद दाखवा, मंग बायको-लेकराचं तिकीट काढू. शामला बाजूले बसून हे लिहून राहिली. मान खाली हाये, तोंड दिसत नाई, पण तिची पेटी भरून दारामागं ठेवली हाये, ते मले दिसते.

तिथं घरमालक कसे हायेत? इथले तुले माहीत हायेत. सदरातला तो आठवते काय? खोली दाखवली, नळ दाखवला, पाळणा कुठं टांगाचा तो खिळाबी दाखवला. मंग म्हणे, "पूर्ण नाव?" तू सांगतलं, अन् त्याले एकदम आठवलं का त्याचा मेहुणा येऊन राहिला. दुसऱ्याचाबी मेहुणा. तिसऱ्याचाबी. नागपूरच्या मालकाईचे मेहुणे खरंच आले असते तं शहरात पाय ठेवाले जागा उरली नसती. शेवटी नंदनवनात हे घर भेटलं, कारण या मालकाले बहीण नाई अन् बायकोले भाऊ नाई.

यशोधरेले दोन दात आले. दुसरं पत्र टाकजो.

तुही आजी (अंगठा)

(आजी सांगतात तसंच्या तसं लिहिते आहे. पेटी भरलेली नाही, फक्त झाडून ठेवली आहे. — शामला)


काब्वे, झांबिया
१ मार्च १९८१

ती. आजीस लहानूचा सप्रेम जयभीम. चि. सौ. शामलास आशीर्वाद, यशोधरेस पापा.

कळविण्यास अत्यंत आनंद होतो की घराचा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. माझ्या शाळेत मधुकरराव म्हणून रसायनशास्त्राचे शिक्षक आहेत, आपल्या नागपूरच्या महाल भागातले. त्यांनी मला पाहताच "अहो डोंगरे, आपलाच माणूस!" म्हणून मिठी मारली. त्यांच्या शब्दावर इथले कापडाचे व्यापारी जेठाभाई यांनी आपल्या बंगल्यामागची दोन खोल्यांची जागा मला राहायला दिली. सध्या पाहुणा म्हणून आहे. माणूस पारखून घेतला की रीतसर कागद करून देऊ, असे ते म्हणतात. पारखण्यासारखे काही नाही, हे मी त्यांना सांगितले आहे.

जेठाभाईंच्या मातोश्री रोज गरम थेपले पाठवतात. मधुकररावांच्या पत्नी शोभाताई रविवारी जेवायला बोलावतात. येथे मला सर्वजण एल. डी. डोंगरे सर म्हणतात. शामलाने बांधून दिलेली तसबीर अजून ट्रंकेतच आहे, कारण भिंतीला ओल आहे.

एक विनंती. खाण्याचे काहीही पाठवू नये. येथील कस्टमचे लोक फार कडक आहेत.

आपला,
लहानू


नागपूर
२९ मार्च १९८१

चि. लहानूले जयभीम.

पत्र भेटलं. शामलानं वाचून दाखवलं. आधी तिनं मनातल्या मनात वाचलं, मंग मोठ्यानं, अन् मोठ्यानं वाचलेलं जराक आखूड वाटलं. मले अक्षर येत नाई, पण कागदावर काळं किती अन् कानावर आलं किती, एवढं कळते. म्या म्हटलं, खालच्या ओळी कोठी गेल्या वं? तवा तिनं तसबिरीचं वाचलं.

ओल! बाबासाहेबाची ती तसबीर आपल्या पत्र्याच्या घरात होती. पाणी गळे तवा आपण खाटेखाली झोपत होतो अन् तसबिरीवर माहं लुगडं झाकत होतो. तिले ओलीचं भेव नाई. भेव दुसऱ्या कोणाले वाटून राहिलं.

अन् हे एल. डी. कोण हाये? लहानू म्हणाले तिथल्या लोकाईचं तोंड दुखते काय? आठ दिवसाचा होता तवा मुठीएवढा होता म्हणून लहानू ठेवलं. त्यात लपवाचं काय हाये?

शामलाले वाटते तू बिमार हायेस. कांताबाईले वाटते तिथं दुसरी केली. मले वाटते तुहं पोट रिकामं हाये. जो पोट्टा बाजारातून झिंगे येताना वासानं ओळखे अन् शाळेतून पळत ये, तो दोन महिने थेपले खाऊन राहिला अन् म्हणते काही पाठवू नका! ऐक. कामठीचे चंपतराव तिकडंच मास्तर हायेत, सुट्टीवर आले. मे महिना लागला का परत जाणार. रामटेककडच्या तलावातले झिंगे आणले, वाळवले, भाजले. लसणाच्या तिखटात घालून डबा भरते. कस्टमवाल्यानं उघडला तं त्यालेबी चार देजो.

तुही आजी (अंगठा)

(तुम्ही बरे आहात ना, एवढंच खरं खरं लिहा. — शामला)


काब्वे
२१ एप्रिल १९८१

ती. आजीस जयभीम.

डबा पाठवू नये. चंपतरावांना भेटून तो परत घ्यावा. हे पत्र वेळेत पोहोचेल अशी आशा करतो.

आता खरे लिहितो. जेठाभाई शाकाहारी माणसालाच जागा देतात. मधुकररावांनी त्यांच्यासमोर मला विचारले, "आपण शाकाहारीच ना?" मी हो म्हणालो. आजी, मी एवढे एकच खोटे बोललो. बाकी सगळे त्यांनी स्वतःच जुळवले. नागपूर, डोंगरे, विज्ञानशिक्षक आणि शाकाहारी, एवढ्यावरून त्यांनी माझी मुंजसुद्धा लावून टाकली. मी फक्त थांबवले नाही.

आता प्रकरण वाढले आहे. शोभाताईंना जेठाभाईंच्या अंगणात सत्यनारायण घालायचा होता. काब्वेत भटजी नाही. सर्वानुमते ठरले की पोथी डोंगरे सरांनी वाचावी, कारण त्यांचे उच्चार स्पष्ट आहेत. मी गळा बसल्याचे सांगितले. तेव्हापासून तीन घरांतून हळदीचे दूध येते आणि मी ते सर्वांच्या देखत पितो. चैत्री पौर्णिमा टळली. आता पूजा वैशाखी पौर्णिमेला आहे. माझा गळा तोपर्यंत बरा होईल असे शोभाताईंनी जाहीर केले आहे.

जेठाभाई पूजेनंतर कागद करून देणार आहेत. एकदा कागद हाती आला की शामला आणि यशोधरा येतील. तेवढ्यापुरते गप्प राहावे, असे मी ठरवले आहे. तुला आवडणार नाही हे माहीत आहे. पण सरकारी विश्रामगृहातून मला काढणारच होते, आणि दुसरे घर कुठे आहे?

लहानू


नागपूर
१० मे १९८१

लहानू,

डबा गेला. चंपतराव गेल्या आठवड्यातच विमानात बसले. तुहं पत्र काल आलं. आता विमानाले आवाज देऊन थांबवू काय?

तू म्हणते एकच खोटं बोललो. बाप्पा! एकच बोलला, पण दोन खोल्यांचं बोलला. त्यात आता पूजा, पोथी, हळदीचं दूध, सारं राहाले आलं. म्या तुले दीक्षेच्या दिवशी खांद्यावर बसवून नेलं होतं. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून कांताबाईचं मागून नेसली. तुले तहान लागली होती अन् तू माहे केस ओढून राहिला होता, तरी मी बावीसच्या बावीस प्रतिज्ञा म्हणत होती. मले अक्षर नाई, म्हणून म्या त्या पाठ केल्या. तुले अक्षर हाये, म्हणून तू विसरला. त्यात खोटं बोलणार नाई, हेबी होतं. अन् वैशाखी पौर्णिमा कोणाची हाये गा? त्या दिवशी तू हातात कोणती पोथी धरशीन?

तुह्यावर रागावली नाई. रागावली असती तं शामलाले सांगून मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. घर पाहिजे हे मलेबी समजते. रोज संध्याकाळी यशोधरेले घेऊन ही पोट्टी दारात उभी राहते अन् डाकेवाला गेला तरी रस्ता पाहून राहते. पण ज्या घरात तू तुहं नाव हळू घेशीन, त्या घरात तिनं लेकीले हाक कशी मारावी?

आता तिनं लेखणी ठेवली. म्हणते, पुढचं मी माझ्या मनानं लिहिते.

(मला घर हवं आहे. फार हवं आहे. पण यशोधरा बोलायला लागेल तेव्हा तिला काय बोलायचं नाही हे मी शिकवणार नाही. मग इथेच राहीन. — शामला)

तिनं काय लिहिलं ते वाचून नाई दाखवलं. डोळे पुसून राहिली म्हणजे बरोबरच लिहिलं असन.

तुही आजी (अंगठा)


काब्वे
३१ मे १९८१

ती. आजी आणि शामला,

तुमचे पत्र कालच आले. त्याआधीच सगळे होऊन गेले होते.

पूजेच्या दिवशी अंगणात पंचवीस-तीस माणसे होती. चौरंग, केळीचे खांब, शिरा. माझा गळा उत्तम होता, हे शोभाताईंनी सर्वांना सांगितले होते. पोथी उघडून माझ्या हातात दिली. पहिली ओळ समोर होती आणि ती काही केल्या तोंडातून निघेना. लोकांना वाटले, मी ध्यान लावले आहे. एक बाई हात जोडून बसल्या.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि चंपतराव तिथूनच ओरडले, "जयभीम, लहानू! आजीनं डबा पाठवला रे!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पोथी चौरंगावर ठेवली, उठलो आणि तितक्याच मोठ्याने म्हणालो, "जयभीम, चंपतराव!" आजी, गेला महिनाभर बसलेला गळा त्या क्षणी खरोखर मोकळा झाला.

तिकडे जेठाभाईंच्या मातोश्रींनी नागपूरचा प्रसाद आला म्हणून मोठ्या भक्तीने डब्याचे झाकण काढले. वास अंगणभर गेला. म्हातारीने डबा टाकला मात्र नाही. हळूच झाकण लावले, खाली ठेवला आणि हात धुवायला गेली. रागावली असती तर बरे वाटले असते.

जेठाभाई भला माणूस आहे. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त एवढेच कळवले की राजकोटहून त्यांचा पुतण्या येतो आहे आणि त्याला मागची जागा लागेल. मधुकररावांनी ओळख झाल्यापासून पहिल्यांदा मला माझे पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. "आधी सांगायचं होतं," म्हणाले. मी म्हणालो, "आधी विचारायचं होतं."

सध्या चिलेशे नावाच्या भूगोलाच्या शिक्षकाकडे राहतो आहे. त्याच्या आईचे बाजाराजवळ घर आहे, आणि शेजारी दोन खोल्यांचे दुसरे. तिला सगळे बाना चिलेशे म्हणतात, म्हणजे चिलेशेची आई. ती बाजारात वाळवलेली बारीक मासळी विकते, कापेंता म्हणतात. मी डबा उघडला तर ती वासावर आली, एक झिंगा चावला, म्हणाली, "तुमच्याकडेही कापेंता असते, मग इतके दिवस तू उपाशी का?" तिने आडनाव विचारले नाही. विचारून उपयोगही नव्हता.

पण ती खोल्या देत नाही! एकट्या पुरुषाला घर द्यायचे नाही, हा तिचा नियम. मी सांगितले, बायको भारतात आहे. ती हसली, "रेल्वेच्या गावात येणारा प्रत्येकजण हेच सांगतो." बायको आल्याशिवाय घर नाही, आणि घर असल्याशिवाय बायको येत नाही. शेवटी म्हणाली, तुझ्या घरचे कोणी म्हातारे माणूस तुझ्याबद्दल बोलेल का? मी म्हणालो, माझी आजी बोलेल. ती फक्त बोलतेच.

अजून एक. परवा मधुकरराव आले. मागच्या दाराने. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग हळूच म्हणाले, "डबा संपला का हो?" नागपुरात ते दर शनिवारी वाचनालयात जातो सांगून सावजीकडे मटण खायला जात. इथे येऊन त्यांना तीन वर्षे झाली. मी वाटीत घालून दिले. त्यांनी वाटी खिशातल्या रुमालाने झाकून नेली.

लहानू


नागपूर
२१ जून १९८१

चिलेशेच्या मायले लहानूच्या आजीचा जयभीम.

बाई, तुमचं बरोबर हाये. एकटा माणूस सांगते का बायको हाये, तं मीबी विश्वास ठेवणार नाई. म्हणून त्याच्या बायकोलेच लिहाले बसवलं. तिचं नाव शामला. तिचं अक्षर पाहा. वाकडं जिथं झालं तिथं लेकीनं हात ओढला.

माहा नातू चांगला हाये, असं मी सांगणार नाई. आपल्या पोट्ट्याले कोणतीबी म्हातारी चांगलंच म्हणते. त्याच्या खोड्या सांगते, त्यावरून तुम्ही पाहा. दिवा न विझवता झोपते. भात करते तं मीठ विसरते अन् चुपचाप खाते. वाचाले बसला का चुलीवरचं दूध ऊतू गेलं तरी उठत नाई. खोटं बोलाले जाते, पण ते त्याले पचत नाई, गळा बसते. भाडं मातर येळेवर देईन; नाई दिलं तं मले कळवा.

अजून एक सांगते. आमाले इथं लोक विहिरीवर पाणी वरून वाढत होते, आमच्या हाताचं घेत नव्हते. तो धरम आम्ही सोडला, आता बुद्धाच्या वाटेनं जातो. तुम्ही विचारलं नाई, तरी सांगून टाकलं. माह्या नातवानं एकदा न विचारलेलं न सांगून पाहिलं, त्याचं काय झालं ते तुम्हाले माहीत हाये.

झिंगे आवडले हे ऐकून बरं वाटलं. मीठ कमी होतं काय?

बायजाबाई (अंगठा)

(सोबत इंग्रजी प्रत जोडली आहे. चिलेशे यांनी आपल्या भाषेत वाचून दाखवावी. एका ठिकाणी आजींनी नातवाला दिलेली शिवी गाळली आहे, इंग्रजीत ती मिळाली नाही. — शामला)


काब्वे
१९ जुलै १९८१

लहानूच्या आजीला, बाना चिलेशेकडून.

मी बोलते, माझा मुलगा इंग्रजीत सांगतो, तुमचा नातू तुमच्या भाषेत लिहितो. तो स्वतःबद्दलचे बदलेल अशी मला शंका आहे. म्हणून चिलेशेला त्याच्यामागे उभे केले आहे. पण चिलेशेला तुमची भाषा येत नाही, तेव्हा दोघांवरही माझा विश्वास नाही.

तुमचे पत्र तीनदा वाचून घेतले. दिव्याचे खरे आहे, मीच दोनदा विझवला. माझ्याकडे येणारा प्रत्येक भाडेकरू सांगतो की तो चांगला आहे. ज्याची म्हातारी त्याच्या खोड्या सांगते, असा हा पहिलाच. घर दिले. कागदावर मीही तुमच्यासारखा अंगठा लावला. त्याने आपले नाव लिहिले, लहानू देवाजी डोंगरे. मी विचारले, इतके लांब कशाला? तो म्हणाला, पूर्ण आहे.

मागच्या आठवड्यात माझा भाऊ न्डोलाहून आला. त्या खोल्या त्याला हव्या होत्या. मी त्याला सांगितले, दिल्या आहेत, भारतातून एक मुलगी तिच्या लेकीला घेऊन येते आहे. तो रागावून गेला. येईल परत, भाऊ कुठे जातो?

आमच्याकडे पाऊस नोव्हेंबरात लागतो, त्याच्या आधी त्यांना पाठवा. नंतर रस्त्यावर चिखल होतो.

मीठ बरोबर होते. तिखट जास्त होते. अजून पाठवा.

(अंगठा)


नागपूर
६ सप्टेंबर १९८१

चि. लहानूले जयभीम.

तिकीट आलं. शामलाची पेटी आता खरंच भरली. तीनदा भरून तीनदा काढली, अन् तिन्ही येळी तसबिरीले लावाचा खिळा सर्वांत वर ठेवला. म्या म्हटलं, तिथं खिळे नाई भेटत काय वं? म्हणते, आपला पाहिजे.

तुह्या त्या बाईचं पत्र म्या अख्ख्या गल्लीले ऐकवलं. नागपुरात मालकाचा न आलेला मेहुणा आला म्हणून आपल्याले परत पाठवत होते; अन् तिनं खरा आलेला भाऊ आपल्यासाठी परत पाठवला! कांताबाई म्हणे, असं कुठं असते काय? म्या म्हटलं, असते, पण विमानानं जावं लागते.

हे शामलाच्या हातचं शेवटचं पत्र. पुढचं कांताबाईची सून लिहीन. ती मॅट्रिक हाये, मी "काहून" म्हटलं तं "का बरे" लिहिते. मंग तुले वाटन, आजी सुधरली. तसं समजू नको. अन् तुहं पत्र आलं तं तीच वाचन, अन् मधल्या ओळी गाळन काय हे मले कळणार नाई, कारण तिचं तोंड मले अजून वाचता येत नाई. शामलाचं येत होतं. म्हणून लपवाचं असन तं आता लपव, तुले मोकळं रान हाये. नाई, लपवू नको. मोठ्या अक्षरात लिहिजो.

ही पाहा, पुन्हा लेखणी ठेवली. अवं, कागद ओला होईन, उचल. घर पाहिजे म्हणून आपणच आठ महिने धिंगाणा केला, अन् भेटलं तं रडून राहिली! जाय. यशोधरेले माह्या नावानं रोज एक हाक मारजो, मोठ्यानं.

आता खाण्याचं सांगते, हे तरी विसरू नको. झिंग्यांचे दोन डबे शामलाजवळ देते, एक तुहा अन् एक बाना चिलेशेचा, तिच्या डब्यात तिखट कमी घातलं. जवसाची चटणी वेगळ्या पुडीत हाये, तिले झिंग्यांचा हात लागू देऊ नको. ती जेठाभाईच्या मायले नेऊन देजो. तिनं डबा टाकला नाई, ते मले आवडलं. अन् नव्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटली का त्या कापेंत्याचा रस्सा करजो, अन् नव्या घरची पहिली वाटी शेजाऱ्याकडं जाते तशी पाठवजो, मधुकररावाकडं. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. वाटीवर झाकण ठेवू नको.

तुही आजी (अंगठा)